फणीच्या दोन पात्या

धुडकू हे नाव ऐकून ज्यांना हसू येतं त्यांनी आधी त्याच्या आईची गोष्ट ऐकावी. तिची आधीची लेकरं पाळण्यातच गेली. मग हा झाला तेव्हा तिने त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं, शेजारणीने तो ‘सापडला’ म्हणून उचलून आणला, आणि नाव ठेवलं धुडकू, म्हणजे चिंधी. खानदेशात ही युक्ती घरोघर ठाऊक असते. मृत्यू दाराशी आलाच तर नाव ऐकून त्याने तोंड फिरवावं, चिंधी कोण नेतो, असा तो हिशेब. हिशेब बरोबर निघाला. धुडकू बोरसे जगला, साक्रीकडून सुरतेला आला, मागांवर राबला, आणि प्लेगच्या साली पांडेसऱ्यातली त्याची गल्ली गाठोडी बांधून गावाकडे पळाली तेव्हाही हा बायकोसकट जागचा हलला नाही. “माले कोन ली जाई?” असं तो सगळ्यांना विचारत होता.

त्याला कुणी नेलं नव्हतं हे खरं, पण त्याचे कान त्याआधीच गेले होते.

मागाच्या खात्यात ज्याने दिवस काढले नाहीत त्याला तिथला आवाज सांगून कळायचा नाही. बारक्या जागेत दाटीवाटीने लावलेले माग, आणि सगळे एकदम चालू. तिथे माणसं घशातून बोलतच नाहीत. ओठ हलवतात, बोटं नाचवतात, भुवया उडवतात, आणि एवढ्या भांडवलावर सोयरिकी ठरतात, भांडणं होतात, चुगल्याही लागतात. धुडकूची बायको उषाबाई त्याच खात्यात कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. नवरा-बायकोचं निम्मं बोलणं आधीपासून मुक्यानेच चाललेलं. त्यामुळे धुडकूचे कान गेले हे घरात कुणाला समजलंच नाही. समजलं ते खात्यातल्या मास्टरला. माग बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो. धुडकूचा माग बराच वेळ वाकडा ठोकत राहिला, कापडाची वाट लागली, आणि धुडकू शेजारीच शांतपणे तंबाखू मळत उभा होता. मास्टरने त्याला घरी पाठवलं.

घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून बसला. वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. दाढी वाढली, कपडे अंगावर लोंबायला लागले. माणूस दुःखाने रडला, भांडला, ताट फेकलं, तरी बायकोला त्याचं काही करता येतं. भिंतीकडे बघत बसणाऱ्याचं काय करायचं? उषाबाई कांड्या भरून परत यायची तेव्हा दार ढकलायच्या आधी उंबऱ्यावर क्षणभर थांबायची. आत काय दिसेल याची तिला भीती वाटायची. ती भीती पुढे सगळं बरं झाल्यावरही तिच्या पोटातून कधी गेली नाही, आणि पुढचं जे काही तिने केलं ते त्या भीतीपोटीच केलं.

धुडकूला भिंतीपासून उठवलं ते गोपालच्या लुनाने. गोपाल म्हणजे उषाबाईचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली म्हणून हिच्याच कडेवर वाढलेला. ती लग्न होऊन सुरतेला आली तसा मागोमाग तोही आला आणि कापड रंगवायच्या मिलमध्ये लागला. जन्माचा हसरा. मिलमध्ये हातावर गरम पाणी सांडलं तरी हा पट्टी दाखवत हसत यायचा. त्याने कुठूनशी एक जुनी लुना घेतली, ती गल्लीतून ढकलतच आणली आणि दाजींच्या दारात लावून घाम पुसत बसला. पायडल मारून मारून पाय मोडले, पण इंजिन काही उठेना.

धुडकूने भिंतीवरून नजर काढली. आधी नुसतं बघत राहिला. मग उठला, बाहेर आला, पान्याने प्लग खोलला. प्लग काजळीने बरबटलेला. तो त्याने पायरीवर घासून स्वच्छ केला आणि त्याची वाकडी दांडी डोळ्याजवळ धरून पाहिली. प्लगची सगळी करामत त्या दांडीत आणि मधल्या खिळ्यात असते. दोघांच्या मधल्या फटीतून ठिणगी उडी मारते. फट जास्त झाली तर ठिणगीला उडी झेपत नाही, कमी झाली तर ठिणगी इतकी मरतुकडी पडते की पेट्रोल तिला जुमानत नाही. मोठ्या गॅरेजवाल्यांकडे ती फट मोजायला पट्ट्या असतात. धुडकूकडे कुठल्या असायला? त्याच्या पत्र्याच्या पेटीत मागाची एक मोडकी फणी होती. ताण्याचे धागे जिच्यातून ओवलेले असतात ती, पातळ पोलादी पात्यांची. नोकरीची आठवण म्हणून माणसं काहीबाही ठेवतात, तशी ती त्याने ठेवली होती. त्याने तिच्या दोन पात्या उपटल्या, एकावर एक धरल्या, फटीत सरकवल्या, आणि दगडाने दांडीवर इतका हलका ठोका दिला की तिथे बसलेली माशीही उडाली नसती. पात्या ओढल्या तर निघाव्यात, पण जरा धरून निघाव्यात, एवढी फट त्याने ठेवली.

पहिल्याच पायडलला इंजिन लागलं. गोपाल हसला, पण ते काही विशेष नव्हे. धुडकूला आवाज ऐकू येत नव्हता. त्याने हाताने इंजिन चाचपलं, ते थरथरत होतं एवढं त्याला कळलं. पण ठोका सरळ पडतोय की मध्येच चुकतोय हे कानालाच कळतं. त्याने मान वळवून दारात उभ्या बायकोकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. उषाबाईने ऐकलं आणि हाताचा पंजा वर केला. ठीक आहे. त्या दिवशी धुडकूने न सांगता दाढी केली.

तिथून धंदा सुरू झाला. दारासमोर लिंबाचं झाड होतं, त्याच्या सावलीत पेटी, पोतं आणि पाण्याची बादली. मिलमधल्या कामगारांच्या लुना, मोपेड, सायकलीला मोटार बसवलेली असली काहीबाही यंत्रं, सगळं तिथे यायला लागलं. धुडकू प्लग साफ करायचा, दोन पात्या घालून फट बसवायचा, कार्बोरेटरचा स्क्रू पिळायचा, आणि दर खेपेला शेवटी बायकोकडे बघायचा. ती हात वर करायची किंवा आडवा हलवायची. आडवा हलवला की तो पुन्हा खाली बसायचा. “बहिरा मेकॅनिक अन् त्याची मशीन,” असं लोक चिडवायचे. मशीन म्हणजे उषाबाई. तिला त्याचा राग यायचा नाही. कांड्या भरणं तिने सोडलं ते याच कामासाठी. घरात माणूस पुन्हा हसत होता, यापुढे लोकांच्या चिडवण्याला कोण विचारतो?

आता जे धुडकूच्या कानांचं झालं ते हिच्या कानांचं होणार नाही, असं कुणाला वाटलं असेल तर तो भाबडेपणा झाला. तीही त्याच खात्यात, त्याच गदारोळात वर्षानुवर्षं बसलेली. आधी भाजीवाल्याची हाक गेली. मग कुकरची शिट्टी. कुकर जळाला तेव्हा तिने धुडकूला खुणेने सांगितलं, डोळा लागला होता. मग लिंबावरच्या कावळ्यांच्या चोची उघडमीट करताना दिसायच्या, आवाज नाही. एके दिवशी इंजिन चालू झालं, धुडकूने भुवया उंचावल्या, आणि उषाबाईला दूर कुठेतरी पीठ दळल्यासारखी घरघर तेवढी जाणवली. ठोका बिका काही नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो वाट बघत होता. त्याच्यामागे उघड्या दारातून ती भिंत दिसत होती.

तिने हात वर केला.

सांगायला हवं होतं, असं आपण बसल्या जागी म्हणू शकतो. पण कान गेल्यावर त्याचं काय झालं होतं ते आपण पाहिलेलं नाही, तिने पाहिलं होतं. शिवाय त्या घरात बहिरेपणा लपवणं काही कठीण नव्हतं. घरात बोलणं खुणांचं. गल्ली तर उषाबाईशीही हातवारे करूनच बोलायची, कारण शेजारी धुडकू असायचा. तिला ओठ वाचता येत होते, खात्याने ते फुकटात शिकवलं होतं. तिचा आवाज चढला होता, तर बहिऱ्या नवऱ्याशी बोलून बोलून चढला, असं सगळे समजायचे. शेजारची लीला म्हणायची, “मावशी, तुमची कुजबुज पार उधन्याच्या स्टेशनावर ऐकू जाते.” उषाबाई हसायची. लीलाने काय म्हटलं ते तिने लीलाच्या ओठांवरून उचललेलं असायचं.

राहिला प्रश्न इंजिनाचा. तिथे नुसत्या हसण्यावर भागणार नव्हतं. पण बाई डोक्याने चालणारी. गिऱ्हाईक आलं की त्याला पाणी द्यायची रीत आपल्याकडे आहेच. ती स्टीलचा पेला काठोकाठ भरून आणायची, आणि गिऱ्हाइकाच्या हातात न देता गाडीच्या कॅरिअरवर ठेवायची. “ठेवते हां इथं,” म्हणायची. इंजिन चालू झालं की पाण्यावर बारीक बारीक वळ्या उठायच्या. ठोका सरळ असला की वळ्या सारख्या, मधोमध गोल. ठोका चुकला की पाणी दचकायचं, काठावरून थेंब सांडायचा. थेंब सांडला तर हात आडवा, नाही सांडला तर हात वर. इतकं सोपं. कुणाला शंका आली नाही. अशी अगत्याची बाई सुरतेत दुसरी नाही, असं उलट गिऱ्हाइकं सांगत फिरायची. मनातून मात्र ती रोज चोरासारखी जगत होती. एखादी लुना गल्लीच्या टोकाशी दिसेनाशी होईपर्यंत ती तिच्याकडे बघत राहायची, आणि मगच श्वास सोडायची.

गोपालचं लग्न झालं. बायको जयश्री, शिरपूरकडची, अबोल पण ठाम. दोघं कोसाडला वसाहतीत राहायला गेले. तिथून पांडेसऱ्याला मिलमध्ये यायला लांब पडतं, म्हणून लुनाला आराम नव्हता. एके सकाळी तो कामावर जायच्या वाटेवर आक्काच्या दारात थांबला. गाडी जरा अडखळते, दाजी, बघा. बोलता बोलता त्याचं तोंड या कानापासून त्या कानापर्यंत पसरलेलं. उषाबाईने रीतीप्रमाणे पेला भरला आणि कॅरिअरवर ठेवला. धुडकूने प्लग काढला, घासला, पात्या सरकवल्या.

गिऱ्हाईक असतं तर पेल्याला हात लावायला जरा संकोचलं असतं. पाणी पुढ्यात ठेवलं तरी परका माणूस ‘असू द्या’ म्हणतो, गाडी झाल्यावर पितो. हा भाऊ. घरच्याला कसला संकोच? त्याने पेला उचलला, घटाघटा प्यायला, रिकामा पेला आत नेऊन माठावर पालथा घातला आणि बाहेर येऊन बहिणीचे दोन्ही खांदे धरले.

“आक्का, तू फुई व्हनार शेस.”

उषाबाईने ते शब्द त्याच्या ओठांवरून वाचले आणि तिला वाटलं, आपण चुकीचं वाचलं. तिने त्याला पुन्हा म्हणायला लावलं. तो पुन्हा म्हणाला. फुई म्हणजे आत्या. तिला स्वतःचं मूल झालं नव्हतं. जे काही मूल म्हणून तिने वाढवलं ते हेच, पुढ्यात उभं राहून दात काढणारं. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मोडलेली बोटं तिला कळली, आवाज अर्थातच नाही. तेवढ्यात धुडकूने इंजिन चालू केलं, आणि पाठीमागे वळून भुवया उंचावल्या.

ती भावाकडे बघत होती. भाऊ हसत होता. तिने हात वर केला.

गोपालने टांग टाकली आणि निघाला. वळणावर मागे बघून त्याने हात हलवला. या खेपेला गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती श्वास धरून उभी राहिली नाही. फुई म्हणून आता पाळणा आपण आणायचा की जयश्रीच्या आईने, असा विचार करत ती घरात गेली. माठावरचा पालथा पेला दिसला तेव्हा तिला कळलं, आपण हात वर केला तेव्हा कॅरिअरवर पाणी नव्हतं. मग स्वतःलाच समजावलं, ह्यांचा हात आहे, काय होतंय.

मोठ्या रस्त्यावरच्या नाक्यावर काशिनाथची केळ्यांची गाडी असायची. तो यांच्याच भागातला. त्याने पाहिलं ते असं. लुना रस्ता ओलांडायला मध्ये आली आणि मध्येच बंद पडली. गोपालने घाईने पायडल मारलं, पुन्हा मारलं. गाडी सोडून पळाला असता तर वाचला असता, पण इतक्या वर्षांची गाडी कोण टाकतो. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता.

उषाबाईचं त्या दिवसांत काय झालं ते लिहिण्यात अर्थ नाही. ती रडली, आणि तिचं रडणं अख्ख्या गल्लीने ऐकलं, फक्त त्या घरातल्या दोघांनी ऐकलं नाही.

दहावं झाल्यावर चेंदामेंदा झालेली लुना टेम्पोतून धुडकूच्या दारात आणून टाकली. दुसरं कोण घेणार ती? मागोमाग जयश्री आली, सोबत तिची आई वत्सला आणि काशिनाथ. जयश्री धुडकूच्या समोर येऊन उभी राहिली, त्याला ओठ दिसतील अशी.

“दाजी, गाडी तुम्हीज करी दिधी व्हती ना? मंग ती बंद कसी पडनी?”

काशिनाथने चाचरत सांगितलं की इंजिन लांबूनच ठोके चुकवत, खोकलत येत होतं. “बहिराले बी समजी जातं,” तो म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. तोंडातून गेलं. उषाबाई दारात होती. तिने त्याचे ओठ वाचले आणि चौकट घट्ट धरली.

धुडकू खाली बसला. पान्याने त्याने मोडक्या लुनाचा प्लग काढला. लोकांकडे त्याची पाठ होती, पण दारातून उषाबाईला त्याचे हात स्वच्छ दिसत होते. त्याने पेटीतून दोन पात्या घेतल्या, एकावर एक धरल्या आणि फटीत सरकवल्या. त्या बसल्या. त्याने ओढल्या, तर जरा धरून निघाल्या. फट जशीच्या तशी होती. मग दोष दुसरीकडे होता. ठिणगीला वीज पुरवणारी आतली कॉइल तापली की ठिणगी खंडते. तो दोष प्लगमध्ये दिसत नाही, ठोक्यातच ऐकू येतो. म्हणजे हात चुकला नव्हता.

धुडकूने मान वर केली. बायकोच्या तोंडाकडे त्याने पाहिलं नाही. तिच्या खांद्यावरून आत, माठावर पालथ्या घातलेल्या पेल्याकडे पाहिलं. मग त्याने दगड उचलला आणि प्लगच्या दांडीवर असा ठोका मारला की दांडी खिळ्याला जाऊन चिकटली. फट बुजली. तो प्लग तळहातावर घेऊन वळला आणि जयश्रीपुढे धरला.

“मनाज हात चुकना.”

दगडाचा ठोका सगळ्यांनी ऐकला असणार. पण मेकॅनिक दगड मारतोच, त्यात कुणाला काय वाटणार? उषाबाईने पाय उचलला, बोलायला तोंड उघडलं, आणि धुडकूने तिच्याकडे पाहिलं. खात्यात मास्टर येताना दिसला की तो असंच बघायचा. गप्प, असा त्याचा अर्थ. ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्याची लाज तिला त्या क्षणापासून लागली ती कायमची.

जयश्री ओरडली नाही. ती एवढंच म्हणाली, “आजपायीन मना दारात येवानं नही. आक्का येवो. तिना तो भाऊ व्हता.”

ते तसंच झालं. बातमी पसरायला वेळ लागत नाही. ज्याच्या हाताने सख्खा मेहुणा गेला त्याच्याकडे गाडी कोण आणणार? लिंबाखालचं पोतं उचललं गेलं, पेटी खाटेखाली गेली. धुडकू एका मिलमध्ये कापडाचे ताके उचलायला जाऊ लागला. ताके उचलायला कान लागत नाहीत. तो भिंतीकडे तोंड करून बसला नाही. ज्या भीतीपायी उषाबाईने सगळं लपवलं होतं ती भीती खोटी निघाली, आणि ते बघून तिला जास्तच रडू यायचं. त्याला कधीपासून ठाऊक होतं, हे तिने त्याला विचारलं नाही. विचारायला हात वर जायचे आणि अर्ध्यातून खाली यायचे.

कोसाडला ती दर आठवड्याला जायची. जयश्रीचे पाय दाबून द्यायची, डिंक-मेथी न्यायची. दाजींचं नाव निघायचं नाही. दिवस भरले, मुलगा झाला. तोंड थेट गोपालचं. बारशाचं ठरलं तेव्हा जयश्रीने स्वतः येऊन सांगितलं, नाव फुईनेच ठेवायचं. नाव विकास ठरलं होतं. सांगून ती उंबऱ्याच्या बाहेरूनच गेली. धुडकू आत बसला होता, त्याने सगळं पाहिलं. त्याने दगड मारला होता तो याच्यासाठी, हे उषाबाईला त्या दिवशी पुरतं कळलं. भाऊ गेला तरी भावाचं मूल तिला मिळावं, एवढी एकच गोष्ट त्याच्या हातात होती, ती त्याने केली होती.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी धुडकूने खाटेखालची पेटी ओढली. बेअरिंगचे छर्रे पत्र्याच्या गोल डबीत घातले, डबी डागून बंद केली, तिला सायकलची मूठ लावली. खुळखुळा झाला. तो त्याने उषाबाईच्या कानाजवळ नेऊन हलवला, आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा भुवया उंचावल्या. वाजतो का? ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हात वर केला. दोघांनाही माहीत होतं.

बारसं साधंच होतं. बाप नसलेल्या लेकराचं ते कसलं थाटाचं असणार. वत्सलाने पाळण्याला चार झेंडूची फुलं बांधली होती, शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या, लीलाही उषाबाईसोबत आली होती. खुळखुळा कुणाचा हे उषाबाईने सांगितलं नाही. तिने तो पाळण्यावर हलवला. बाळाने मान वळवली आणि आवाजाच्या दिशेने टकमक बघितलं. तेव्हा तिला कळलं की तो वाजतो.

मग तिने तो बाळाशेजारी ठेवला आणि वाकली. आत्या कानात नाव सांगते तेव्हा बायका पाठीमागे धपाटे घालायला हात उगारून उभ्या राहतात, तशा त्या राहिल्या. उषाबाईचं तोंड बाळाच्या कानाशी गेलं. दुधाचा वास आला. इतक्या लहान कानात सांगितलेलं कुणाला कळणार आहे, असं तिला वाटलं. एकदाच, कुणालातरी सांगून टाकावं. तिने जितकं हळू बोलता येईल तितकं हळू बोलायचा प्रयत्न केला.

“तुना बापनी गाडीना आवाज मी आयकाज नही रे बाळा. माले आयकू येत नही. तुना फुवाना हात नही चुकना. चूक मनी शे.”

नाव सांगायच्या आधी ती धपाट्यांची वाट बघत क्षणभर थांबली. एकही पडला नाही. ती सरळ झाली आणि वळली. वत्सलाचा हात हवेत तसाच होता. लीलाने तोंडावर पदर घेतला होता. गिऱ्हाइकांचे, शेजाऱ्यांचे, सगळ्यांचे चेहरे वाचत जिने इतकी वर्षं काढली तिला हे चेहरे वाचायला वेळ लागला नाही. आपली कुजबुज केवढी होती ते तिला तेव्हा समजलं.

जयश्री पुढे आली. तिने पाळण्यातून बाळ उचललं, छातीशी धरलं आणि पाठ फिरवली. तिचे खांदे हलत होते. ती काहीतरी बोलत होती, बराच वेळ बोलत होती, पण तोंड भिंतीकडे होतं. ओठ दिसत नव्हते. उषाबाई एका बाजूने सरकून बघायला गेली, तर जयश्री आणखी वळली. शिव्या होत्या की रडणं होतं, जा म्हणाली की थांब म्हणाली, हे उषाबाईला कधीच कळलं नाही. लीलाने तिला हाताला धरून बाहेर आणलं. लीलालाही विचारायचं धाडस तिला झालं नाही. विकास हे नाव मग कुणी ठेवलं कोण जाणे.

ती घरी आली तेव्हा धुडकू लिंबाखाली उभा होता. तिचे हात रिकामे बघून त्याचा चेहरा उजळला, खुळखुळा पाळण्यात राहिला म्हणजे चांगलंच झालं असणार. त्याने मूठ हवेत हलवून दाखवली आणि भुवया उंचावल्या. वाजला का?

उषाबाईचा हात सवयीने वर जायला निघाला. तो तिने मध्येच थांबवला. मग बोट आपल्या कानावर ठेवलं आणि पंजा आडवा हलवला. मला नाही ऐकू आला. मग दोन्ही हात पाळण्यासारखे करून तिने बाळ दाखवलं, आणि त्या बाळाची मान कशी वळली ते आपल्या मानेने करून दाखवलं. त्याला आला.

धुडकूने मान हलवली. तिचा आडवा हात त्याने आपल्या हातात घेतला, आणि दोघं लिंबाखाली, जिथे आधी पोतं असायचं तिथे, खाली बसली.